चूक दिसली, कळवली का?

‘दर्या’ लिहिले तर समुद्र होतो, ‘दऱ्या’ लिहिले तर डोंगरांमधल्या खोल जागा. प्राथमिक शाळेतल्या मुलालाही हा फरक कळतो. परदेशात बसून संगणकाला देवनागरी शिकवणाऱ्या निष्णात प्रोग्रामरला मात्र तो दिसेलच असे नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही. ‘दऱ्या’मधला हा अर्धा ‘ऱ’ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतांत, दोन रीतींनी लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती वेगवेगळी अक्षरे असतात. त्यामुळे ‘कऱ्हाडे’ आडनावाची दोन माणसे यादीत असूनही शोधताना कधी एकच हाती लागते.

असले दोष पकडायला शिक्षिकेचा, मुद्रितशोधकाचा किंवा याद्या करून थकलेल्या लिपिकाचा डोळा लागतो. तो डोळा आपल्याकडे भरपूर आहे. तरी चूक दिसली की आपण शेजारच्या टेबलावर सांगतो, ‘फुकटचं आहे, असंच असणार’ म्हणतो आणि पुढे जातो. मला हे खटकते, कारण ती चूक पुढच्या माणसाच्या वाट्याला जशीच्या तशी जाते.

रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू केली. या चळवळीने वापरणाऱ्याला चार स्वातंत्र्ये दिली: वापरण्याचे, अभ्यासण्याचे, वाटण्याचे आणि बदलण्याचे. यांतले अभ्यासण्याचे आणि बदलण्याचे स्वातंत्र्य प्रोग्रामिंग न येणाऱ्यासाठी कागदावरच राहते. ते त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट एकच, चूक योग्य ठिकाणी कळवण्याची.

लिबरऑफिसचे उदाहरण घेऊ. 2010 मध्ये ओपनऑफिसपासून वेगळे झालेले, पत्रे आणि तक्ते करण्याचे हे मुक्त सॉफ्टवेअर मराठीतही वापरता येते. त्याच्या दोषांची नोंदवही सर्वांना खुली आहे आणि साधे खाते उघडून कोणीही तिच्यात लिहू शकतो. आधी तीच तक्रार कोणी केली आहे का ते शोधायचे. नसेल तर कोणती आवृत्ती, कोणता संगणक, काय काय केले, काय व्हायला हवे होते आणि काय झाले, हे क्रमाने लिहायचे. एका नोंदीत एकच दोष. पडद्याचे चित्र आणि नमुन्याची फाइल सोबत जोडायची. पाहिले तेवढेच लिहावे, तर्क केला असेल तर तो तर्क आहे असे सांगावे. ‘नेहमी बिघडते’ म्हणण्याआधी ते खरोखर नेहमी बिघडते का, हे पुन्हा करून पाहावे. साक्ष देणाऱ्याकडून आपण हाच प्रामाणिकपणा मागतो.

फाइल जोडताना एक पथ्य मी सर्वांत वर ठेवीन. ही नोंदवही जगाला दिसते. विद्यार्थ्यांचे गुण, रुग्णांची नावे, कोणाचा आधार क्रमांक असलेली फाइल तिथे चढवायची नाही. खोटी नावे घालून नवा नमुना करावा आणि त्यातही दोष दिसतो ना, ते पाहावे.

नोंद इंग्रजीत करावी लागते, म्हणून कित्येक जण मागे सरतात. साधे, तुटक इंग्रजी चालते. चित्र आणि पायऱ्या नीट असल्या की काम भागते. तेही जमत नसेल तर घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीला शेजारी बसवावे. डोळा आजोबांचा, इंग्रजी नातीचे.

सुधारणा सुचवताना मात्र जरा थांबावे. ‘इथे बटण द्या’ असे म्हणण्यापेक्षा आपली अडचण सांगावी: दर महिन्याला ग्रामपंचायतीची इतकी पत्रे काढतो, प्रत्येक पत्रात तारीख हाताने बदलावी लागते. उपाय कदाचित आधीच तिथे असेल, कदाचित बटणाहून चांगला काही निघेल. आणि नकार मिळाला तर तो स्वीकारावा, कारण तेच सॉफ्टवेअर वेगळ्या गरजांची असंख्य माणसे वापरतात.

तगाद्याने काय होते, हे ‘एक्सझेड’ या छोट्या प्रकल्पाने दाखवले. फाइलींचा आकार लहान करण्याची ही सोय अनेक लिनक्स संगणकांवर असते आणि ती मुख्यतः एक माणूस बिनमोबदला सांभाळत होता. 2022 मध्ये काही खात्यांवरून त्याच्यावर कामाच्या संथपणाबद्दल दडपण आणले गेले. त्याने आपल्या मानसिक त्रासाविषयी सांगितले, तरी मागण्या थांबल्या नाहीत. पुढे या दडपणाखाली सहकारी म्हणून स्वीकारलेल्या एकाने त्यात चोरदरवाजा, म्हणजे संगणकात गुपचूप शिरण्याची वाट, बसवला. तो मार्च 2024 मध्ये उघड झाला. दडपण आणणारी ती खाती बनावट असावीत, असा दाट संशय आहे. पण असले कडवट संदेश कोणाला वेगळे वाटले नाहीत, कारण खरे वापरकर्तेही तसेच लिहितात. हे मनाला फार लागते.

स्वतःला काही सुचत नसेल, तरी करण्याजोगे काम आहे. लिबरऑफिसमध्ये नवी नोंद ‘अपुष्ट’ म्हणून राहते. नोंदवणाऱ्याने स्वतःच तिला पुष्टी देऊ नये, असा तिथला संकेत आहे. दुसऱ्या कोणीतरी त्याच पायऱ्या करून पाहून ‘होय, माझ्याकडेही हेच होते’ असे लिहावे लागते. अर्धा ‘ऱ’ नेपाळीतही आहे. काठमांडूच्या एखाद्या शिक्षकाने त्याविषयी नोंद केली, तर साताऱ्यातली शिक्षिका आपल्या संगणकावर ती पडताळून पाहू शकते.