पोरं आता कुणाकडे?

गणपतीत कोकणातलं घर माणसांनी भरतं. चतुर्थीच्या आधी दोन दिवस रत्नागिरी स्टेशनात गाड्यांमागून गाड्या रिकाम्या होतात आणि विरार, दिवा, डोंबिवलीहून आलेली बिऱ्हाडं आपापल्या वाडीच्या वाटेला लागतात. मिरजोळ्यात एका अंगाला एमआयडीसी आणि विमानतळ आले, तरी वाड्यांमधून गडगे आणि पाखाड्या अजून आहेत. अशा वाडीतल्या ज्या घरात एरवी दोन म्हातारी माणसं राहतात, तिथे एकाएकी पंचवीस-तीस पानं मांडली जातात. एवढी मोठी माणसं घरात असताना पोरांची काळजी ती काय, असं सगळ्यांनाच वाटतं. काळजी करायला हवी ती नेमकी त्याच वेळी.

चतुर्थीची सकाळ आठवून बघा. जावा-नणंदा मोदकांना बसल्यात, हात उकडीने भरलेत. कुणी दूर्वा निवडतंय, कुणी मखराच्या दिव्यांची वायर ओढतंय, कुणी भटजींना फोन लावतंय. चार वर्षांचं पोर आजीकडे आहे असं आईला वाटतं. आईने न्हाऊ घालायला नेलं असेल, असं आजी समजते. बाबांना खात्री असते की ते मोठ्या पोरांच्यात खेळतंय. आणि ते खरोखरच मोठ्या पोरांच्या मागून निघालेलं असतं. पण दहा-बारा वर्षांची पोरं धावत पुढे जातात, लहानगं मागे राहतं आणि मागीलदाराच्या वाटेवर एकटं पडतं. यात कुणाचा हलगर्जीपणा नसतो. प्रत्येकाला मनापासून वाटत असतं की कुणीतरी बघत असेलच.

भाद्रपदात कोकणातल्या कितीतरी विहिरी काठोकाठ आलेल्या असतात. वाकून हाताने पाणी घ्यावं, इतकं पाणी वर असतं. कठडा असतोच असं नाही, असला तरी बुटका. जांभ्याच्या पायरीवर शेवाळ धरलेलं. वहाळ वाहता असतो आणि सड्यावरच्या बंद पडलेल्या चिरेखाणीत लाल पाणी साठलेलं असतं. त्याचा ठाव वरून लागत नाही. शहरातल्या मुलाने पाणी पाहिलेलं असतं ते नळाचं आणि बादलीतलं. त्याला या पाण्याची भूल पडते, भीती वाटत नाही. शिवाय बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही. श्वासच मिळत नसताना हाक कुठून निघणार? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2021 मध्ये जगात सुमारे 3 लाख माणसं बुडून मेली आणि त्यांतला जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालच्या मुलांचा होता.

घरात माणसं जास्त असली की नजर कमी का होते, याचं उत्तर अंशतः एका जुन्या प्रयोगात सापडतं. जॉन डार्ली आणि बिब लताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1968 मध्ये तो प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या खोल्यांत बसवलेल्या विद्यार्थ्यांना ध्वनियंत्रणेवरून एका माणसाला झटका आल्याचा आवाज ऐकवला. ऐकणारे आपण एकटेच आहोत, असं ज्यांना वाटत होतं, त्यांतले 85 टक्के तो आवाज थांबायच्या आत मदतीसाठी उठले. आपल्याबरोबर आणखी चौघं ऐकताहेत, असं ज्यांना वाटत होतं, त्यांतले 31 टक्केच उठले. ही माणसं दगडाच्या काळजाची नव्हती. जबाबदारी पाच जणांत वाटली गेली, एवढंच. भरल्या घरातही तेच होतं. नाव न घेता सगळ्यांवर सोपवलेलं काम म्हणजे बारभाईंचा कारभार.

हे आपल्या घरांना कळत नाही असं मात्र नाही. गणपतीपुढची समई बघा. रात्री तेल कोण घालणार, वात कोण सारणार, पहाटेपर्यंत देवापाशी कोण बसणार, हे ठरलेलं असतं. भजनाला पंचवीस माणसं बसलेली असली तरी समई त्या पंचवीस जणांच्या भरवशावर सोडत नाहीत. एकाचं नाव असतं, आणि त्याला उठायचं झालं तर तो दुसऱ्याला सांगून उठतो. भावाभावांत पूजेच्या पाळ्या असतात, खर्चाच्या असतात, काही घरांत तर गणपतीही पाळीने बसवतात. मुलांच्या राखणीची तेवढी पाळी नसते. घरातल्या सगळ्यांत मोलाच्या गोष्टीला पाळी लावायची आपल्याकडून राहून गेलीय.

ती लावणं अवघड नाही. अर्ध्या-पाऊण तासाला एक मोठं माणूस. तेवढ्या वेळात त्याला दुसरं काम सांगायचं नाही, आणि त्याने फोन आत ठेवायचा. मुलं जिथे असतील तिथे त्याने जायचं. पडवीत बसून लांबून हाका मारणं ही राखण होत नाही. आणि पाळी बदलताना तोंडाने बोलायचं, समोरच्याचं उत्तर येईपर्यंत हलायचं नाही.

“वहिनी, मी केळीची पानं आणायला जातोय. पोरं आता तुमच्याकडे. सहाजण आहेत, छोटी झोपाळ्यावर आहे.”

“बरं भावजी, माझ्याकडे. सहाही दिसताहेत मला.”

दहा सेकंदांचं बोलणं. पण मुलं किती, कुठे आणि कुणाकडे, या तिन्हीचा त्यात खुलासा झाला. “जरा लक्ष ठेवा हं” असं जाता-जाता हवेत सोडलेलं वाक्य कुणाच्याच कानावर पडत नाही. नजर असण्याचा आणखी एक उपयोग आहे. गडग्यातून फुरसं निघालं किंवा चिऱ्याखालचा लाल विंचू चावला, तर नेमकं काय झालं आणि कधी, हे सांगायला कुणीतरी हवं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्या विंचूदंशावर आयुष्य वेचलं. अशा दंशात, विशेषतः लहान मुलाच्या बाबतीत, उपचार किती लवकर मिळाले याला फार महत्त्व असतं.

आता पाळी कुणाची, हेही मोकळेपणाने बोलायला हवं. आज ठरवलेलं काही नसलं तरी हे काम शेवटी जाऊन पडतं ते घरातल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलीवर. “तू मोठी ना, बघ जरा यांच्याकडे.” तिचा चुलतभाऊ तेवढ्याच वयाचा असतो, तो फुगडी बघायला मोकळा. तीही मूलच आहे. तिचाही सण आहे. मदतीला ती हवी तर असू दे, पण काही झाल्यावर तिला जाब विचारायची वेळ आली, तर चूक मोठ्या माणसांची आहे. दुसरी सापडते ती नवी सून. तिने मोदकही वळायचे आणि जावांची मुलंही सांभाळायची. काका, आत्ये, मामा, मुंबईहून आलेले दादा, सगळ्यांनी पाळी घ्यायला हवी. आरती झाल्यावर पडवीत पत्त्यांचा डाव बसतो, त्यातला एक माणूस अर्धा तास उठला तर डाव मोडत नाही.

भावाच्या पोराला बोलायचं कसं, असा एक संकोचही असतो. पोर विहिरीच्या काठावर चढलेलं दिसतं, पण जाऊबाईंना राग येईल म्हणून काकू तोंड उघडत नाही. हे पहिल्याच दिवशी मिटवून टाकावं. ज्याची पाळी, त्याचा शब्द चालेल. त्याने हाताला धरून खाली उतरवलं तर आईबापाने मागून त्याला विचारू नये, आणि त्यानेही मारू नये, टोचून बोलू नये. भावंडांत असा विश्वास असला की मुलांनाही तो कळतो. आईइतकंच काकूचंही ऐकायचं असतं, हे ती न सांगता शिकतात.

कुणी म्हणेल, मग मुलांनी गावी येऊन मोकळं खेळायचं कधी? राखण असली तरच मोकळं खेळता येतं. कुणी बघत नसलं की भीतीपोटी आपण मुलांना आत कोंडतो आणि हातात फोन देतो. बरोबर एक काका असला तर तीच मुलं वहाळाच्या उथळ पाण्यात पाय घालू शकतात, खेकडे धरू शकतात, सड्यावरची फुलं बघून येऊ शकतात. त्यांना गाव मिळतं.

चतुर्थीच्या आदल्या रात्री जेवणं झाल्यावर घरात उद्याची कामं वाटली जातात. फुलं कोण काढणार, नारळ कोण सोलणार, भटजींना आणायला कोण जाणार. त्या वाटणीत पहिलं काम मुलांच्या पाळीचं असू द्या. आणि पहिली पाळी कुणी घ्यायची यावरून सगळे एकमेकांकडे बघू लागले, तर घरच्या कर्त्या माणसाने ती स्वतःहून मागून घ्यावी. त्याने घेतली की पुढची नावं आपसूक येतील.