परीस आणि सोनं

२०२१ साली मुंबई सिटीनं आयएसएलची शील्ड आणि करंडक दोन्ही जिंकले, तेव्हा आमच्या मालाडातली मंडळी प्रशिक्षक सर्जिओ लोबेरांवर बेहद्द खूश. "माणसानं संघाचं सोनं केलं हो!"

खरंय. पण या परिसानं गोव्याच्या संघातलं जाहू, फॉल, मंदार राव देसाई असं बरंचसं तयार सोनंच आणवलं होतं! शिवाय अंतिम सामन्यात नव्वदाव्या मिनिटाला गोल मारला बिपिन सिंगनं. लोबेरा रेषेबाहेर उभे.

मग स्तुती खोटी? छे! संघ हरत राहिला की अकरांना नाही, प्रशिक्षकालाच नारळ देतात. पराभव ज्याच्या माथी मारायचा, विजयात त्याला वाटा नको? जरूर द्यावा. फक्त वाटाच, अख्खा विजय नव्हे. एका हातानं टाळी वाजत नाही, हे टाळ्या वाजवणाऱ्यांनीच विसरून कसं चालेल?