मुलांच्या ओठी उसनी प्रार्थना

स्नानसंस्काराच्या विधीत एक क्षण असा येतो, की त्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. बाळाच्या मस्तकावर पाणी ओतून झालेले असते, तैलाभ्यंग झालेला असतो, शुभ्र वस्त्र दिलेले असते आणि पास्काच्या मेणबत्तीवरून पेटवलेली ज्योत बापाच्या हाती असते. आत्या-मावश्या फोटोसाठी पुढे सरकू लागलेल्या असतात. अशा वेळी धर्मगुरू सर्वांना वेदीजवळ बोलावतो. हे बाळ पुढे देवाला पिता म्हणून हाक मारील, आज त्याच्या वतीने ती हाक आपण मारू या, असे तो सुचवतो आणि सारे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणतात. बाळ तेव्हा झोपलेले असते, नाहीतर रडत असते.

ख्रिस्ती माणसाची पहिली प्रार्थना अशी दुसऱ्याच्या तोंडून झालेली असते. ती उसनी असते. ही उसनवारी योग्य की अयोग्य, हा प्रश्न अलीकडे आमच्यापुढे आला, आणि तो एका विचारी माणसाने विचारला म्हणून टाळता आला नाही.

जळगावातील एका घरी आम्ही आशीर्वादासाठी गेलो होतो. मुलगी चार वर्षांची. आजीची इच्छा अशी, की नातीने जपमाळेला बसावे, 'नमो मरिया' शिकावे. मुलीचे वडील प्राध्यापक. ते शांतपणे म्हणाले, "फादर, जे वाक्य तिला कळत नाही ते तिच्याकडून पाठ करून घेणं मला पटत नाही. शिवाय देव मानायचा की नाही, हे तिनं मोठं होऊन ठरवावं. आम्ही आधीच ठरवून टाकलं, तर तिचं स्वातंत्र्य कुठं राहिलं?"

वाचकहो, या प्रश्नाला हसून उत्तर देता येत नाही. त्यात दोन आक्षेप आहेत. एक समजुतीचा, दुसरा स्वातंत्र्याचा. दोन्ही प्रामाणिक आहेत आणि दोहोंचा विचार वेगवेगळा केला पाहिजे.

प्रथम समजुतीचा. मूल 'आई' हा शब्द अर्थ समजून शिकत नाही. तो शब्द त्याच्या कानावर हजारदा पडतो, ते तो उच्चारते, आणि उच्चारता उच्चारता अर्थ त्याला सापडतो. आधी अर्थ आणि मग शब्द असा क्रम ठेवला असता, तर जगातील एकही मूल बोलते झाले नसते. प्रारंभीच्या ख्रिस्तसभेचीही रीत हीच होती. प्रौढ वयात श्रद्धा स्वीकारणाऱ्यांना स्नानसंस्कारापूर्वी विश्वासांगीकार आणि प्रभूची प्रार्थना सोपवली जाई. ते ती मुखोद्गत करीत आणि सभेपुढे म्हणून दाखवीत. हिप्पो नगरीत संत ऑगस्टीन त्यांना तिचा एकेक शब्द उलगडून सांगत असत. म्हणजे शब्द हाती देणे आणि अर्थ उलगडणे ही दोन्ही कामे हातात हात घालून चालत.

संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात उतरले, तेव्हा रस्त्याने घंटा वाजवीत ते मुलांना गोळा करीत आणि प्रार्थना शिकवीत, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिचा पुढचा भाग मात्र आपण विसरतो. त्याच वर्षी ते तमिळ किनाऱ्यावरील कोळ्यांमध्ये गेले. तमिळ त्यांना येत नव्हती. जाणकारांना हाताशी धरून त्यांनी मुख्य प्रार्थनांचे भाषांतर करवून घेतले आणि स्वतः त्या पाठ केल्या. एवढा मोठा संत, विद्यापीठात शिकलेला, एखाद्या बालकाप्रमाणे नवख्या भाषेतील शब्द घोकीत होता. पुढे तेथील मुले तेच शब्द घरी नेऊन आईबापांना शिकवू लागली. घोकलेली प्रार्थना खोटी असती, तर झेवियरांचीही खोटी ठरली असती.

येथवर आमचे उत्तर सोपे होते. मात्र घोकण्याचीच परीक्षा करून टाकली, की काय होते, हेही आम्हांला सांगितले पाहिजे, कारण तो अपराध आमच्या हातून घडला आहे.

पुरोहितदीक्षा होऊन एखादे वर्ष झाले होते. धुळे जिल्ह्यातील एका धर्मग्रामात आमची नेमणूक होती. प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारण्यासाठी मुलांची तयारी चालली होती. त्यांत नऊ वर्षांचा एक मुलगा होता. दिवाळीनंतर तो आईबापांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेलेला आणि होळीला गावी आणून आजीपाशी ठेवलेला. धर्मशिक्षणाचे वर्ग चालले, तेव्हा तो उसाच्या फडात होता. प्रेषितांचा विश्वासांगीकार म्हणताना तो दुसऱ्याच वाक्याला अडखळला. आम्ही त्याला तीनदा संधी दिली आणि शेवटी सर्वांदेखत सांगितले, "तुझी तयारी नाही. पुढच्या वर्षी ये." सेमिनरीतून नव्यानेच बाहेर पडलेल्या माणसाला आपल्या काटेकोरपणाचा थोडा अभिमानच असतो. तो आम्हांलाही होता.

दोन दिवसांनी संध्याकाळी त्याच्या वस्तीवर जाणे झाले. झोपडीत चिमणी जळत होती. भिंतीवर पवित्र हृदयाची तसबीर होती. आजी आणि नातू तिच्यापुढे बसले होते. आजी अहिराणीत बोलत होती आणि मुलगा तिच्यामागून म्हणत होता. "देवबा, आमना बाप तूच शे." मग तिने फडात असलेल्या मुलाचे आणि सुनेचे नाव घेतले. शेजारणीचे नाव घेतले, जिच्याशी तिचे भांडण होते. नंतर आजारी बैलाची पाळी आली. "मना बैलले बरं कर." मुलाने तेही म्हटले, क्रुसाची खूण केली आणि तसबिरीला हात लावून तो ओठांना टेकवला.

आम्ही दाराशी उभे होतो. ज्या मुलाला पिता कोण हे ठाऊक होते, ज्याला शत्रूसाठी प्रार्थना करता येत होती, रोजची भाकर कुणाकडे मागायची हे कळत होते, त्याला आम्ही तयारी नाही म्हणून परत पाठवले होते. त्याला प्रार्थना येत होती. आमच्या पुस्तकातील मराठी तेवढी येत नव्हती. पुढच्या रविवारी त्याने इतर मुलांबरोबर ख्रिस्तशरीर स्वीकारले.

खानदेशात राहून ही गोष्ट आम्हांला इतक्या उशिरा कळावी, याची खंत वाटते. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. जाते ओढताना आणि शेतात राबताना त्या आपल्या बोलीत ओव्या रचीत आणि देवाशी बोलत. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली त्यांची गाणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला त्या बोलीचे मोल कळले. फादर थॉमस स्टीफन्स यांनीही १६१६ साली ख्रिस्तपुराण सिद्ध केले ते ओवीत, कारण येथल्या माणसांचा कान ओवीला सरावलेला होता. घरच्या बोलीत देवाशी बोलणे हे कमी प्रतीचे बोलणे नव्हे. मंदिरात प्रमाण मराठी असावी, कारण तेथे सर्वांनी एका आवाजात म्हणायचे असते. परंतु रात्री निजताना आईने आपल्या अहिराणीत, भिलीत, पावरीत किंवा लेवा बोलीत देवाला हाक मारली, तर तीच मुलाच्या मनात खोल रुजते.

या गोष्टीचा पुढचा भाग सांगणे अवघड आहे. तो बैल मेला. मुलगा आमच्याकडे आला आणि विचारू लागला, "फादर, देवानं ऐकलं नाही का?" आम्ही उत्तर दिले, ते पुस्तकी होते. देवाची इच्छा, त्याची योजना, आपली अल्पबुद्धी वगैरे. मुलाने मान डोलावली. त्याचे समाधान झाले नव्हते, हे आम्हांला दिसत होते.

त्याच्या आजीने काय केले, ते नंतर तिच्याकडूनच कळले. त्या रात्री ती नेहमीसारखी तसबिरीपुढे बसली. बैल गेला हे तिने देवाला सांगितले. पेरणी तोंडावर आली आहे, आता मी काय करू ते तूच सांग, असे म्हणून ती रडली. नातू शेजारी बसून पाहत होता. तिने देवाची बाजू मांडली नाही आणि देवाकडे पाठही फिरवली नाही. तिने तक्रार केली, पण त्याच्यापाशीच केली. स्तोत्रकर्त्याने हेच केले आहे. गेथशेमाने बागेत प्रभूने प्याला टळावा अशी विनंती केली आणि तो टळला नाही. मागितलेले न मिळाल्यावरही बोलणे चालू ठेवता येते, हे त्या मुलाला आमच्या प्रवचनातून शिकता आले नसते. ते त्याने पाहिले.

आता दुसरा आक्षेप, स्वातंत्र्याचा. भाषा शिकवणे आणि श्रद्धा शिकवणे यांत फरक आहे, हे आम्हांला मान्य आहे. भाषा शिकलेल्याला काही मान्य करावे लागत नाही. प्रार्थना करणाऱ्याला मात्र समोर कोणी आहे असे मानावे लागते. मग आपण मुलाच्या वतीने मानून टाकतो काय?

येथे आम्हांला बाल शमुवेलाची कथा आठवते. रात्री देवाने त्याला हाक मारली. वृद्ध एलीच बोलावीत असावा असे वाटून तो तीनदा त्याच्याकडे धावला. दोनदा एलीने त्याला परत झोपायला पाठवले. तिसऱ्या वेळी त्याच्या ध्यानात आले, आणि पुन्हा हाक आली तर काय उत्तर द्यायचे ते त्याने मुलाला शिकवले. एलीने एवढेच केले. ती वाणी त्याला ऐकू आली नाही. मुलाच्या वतीने तो ऐकू शकत नव्हता आणि उत्तरही देऊ शकत नव्हता. त्याने उत्तराचे शब्द दिले आणि तो बाजूला झाला.

आईबापांचे काम हेच आणि एवढेच आहे. शब्द आपण देऊ शकतो, होकार देऊ शकत नाही. मूल मोठे होऊन ते शब्द टाकून देईल, असे घडू शकते. मात्र टाकण्यासाठी किंवा स्वीकारण्यासाठी हाती काही असावे लागते. ज्याला हाक कशी ओळखावी हेच कुणी सांगितले नाही, त्याला आपण स्वतंत्र ठेवले असे म्हणता येत नाही. त्याला आपण रिकामे ठेवले.

स्वातंत्र्याचा भंग प्रार्थना शिकवल्याने होत नाही. तो होतो ती चुकीच्या कामाला जुंपल्याने. "प्रार्थना केली नाहीस तर देव शिक्षा करील" असे म्हटले, की मूल देवाला भिऊ लागते. "परीक्षेत पहिला नंबर हवा ना, मग जपमाळ म्हण" असे म्हटले, की प्रार्थना व्यवहार होते. पाहुण्यांसमोर "काकांना 'नमो मरिया' म्हणून दाखव" असे म्हटले, की ती करमणूक होते. या तिन्ही गोष्टी आमच्या चांगल्या घरांतून सर्रास घडतात. ज्या दिवशी मुलाला या धाकाचा, सौद्याचा आणि प्रदर्शनाचा उबग येतो, त्या दिवशी तो देवालाच सोडतो.

द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली कुटुंबाला घरातील ख्रिस्तसभा म्हटले आणि आईबापांना आपल्या मुलांचे पहिले धर्मप्रचारक मानले. खानदेशात या शिकवणीचा अर्थ फार व्यावहारिक आहे. नाशिक धर्मप्रांत १९८७ साली स्थापन झाला, त्यात जळगाव आणि धुळे हे जिल्हे येतात. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांपर्यंत धर्मगुरू रोज पोहोचू शकत नाही. २०२० साली टाळेबंदीत मंदिरांची दारे बंद झाली, तेव्हा शहरातल्या घरांनाही याचा अनुभव आला. मिस्सा मोबाईलच्या पडद्यावर दिसत होती, पण पडदा बंद झाल्यावर घरात प्रार्थना कोणी सुरू करायची, हे कित्येकांना सुचेना. जेथे आजी होती, तेथे सुचले.

जळगावच्या त्या घरी आम्ही यातले काही सांगितले, काही मनातच राहिले. प्राध्यापकांनी ऐकून घेतले. मुलगी आजीच्या मांडीवर झोपून गेली होती. निघताना ते फाटकापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "खरं सांगू का, फादर? तिच्या स्वातंत्र्याचं मी बोललो, ते खोटं नाही. पण वडील वारल्यापासून मलाच प्रार्थना करता येत नाही. मी तिच्याशेजारी गुडघे टेकून काय म्हणू?"

खरा प्रश्न हा होता. आम्हांला वाटते, तो पुष्कळ घरांत असतो आणि दुसऱ्या प्रश्नांच्या आड लपलेला असतो. ज्याचे स्वतःचे ओठ कोरडे पडले आहेत, त्याने मुलाला काय द्यावे?

त्यांना आम्ही एवढेच म्हणालो, की ज्यावर विश्वास उरला नाही असे काही म्हणू नका. मुलांना ढोंग फार लवकर कळते. पण रात्री ती झोपण्यापूर्वी तिच्या कपाळावर अंगठ्याने क्रुसाची खूण करा. स्नानसंस्काराच्या दिवशी आमच्यामागून ती तुम्हीही केली होती. तिला शब्द लागत नाहीत. आणि ती आजीबरोबर प्रार्थना म्हणू लागली, की शेजारी बसून ऐका. चार वर्षांपूर्वी तिच्या वतीने तुम्ही जी प्रार्थना म्हटली होती, ती आता तुमच्या वतीने तिला म्हणू द्या.

उसने घेणे एकाच बाजूने चालत नाही. शिष्यही मोठी माणसे होती, लहानपणापासून स्तोत्रे म्हणत आलेली होती, तरी आम्हांला प्रार्थना करायला शिकवा अशी विनंती त्यांनी प्रभूला केली. ती त्यांनी केव्हा केली, हे लूक सांगतो. प्रभू एके ठिकाणी प्रार्थना करीत होता आणि त्याची प्रार्थना संपली, तेव्हा. त्यांनी आधी त्याला प्रार्थना करताना पाहिले होते. आपल्या घरातील मुलेही पाहत आहेत.