किल्ली हातात येण्याआधी

घरातून निघताना आधी किल्ली हातात येते, कुठं जायचं याचा विचार मागाहून. जायचं असतं कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत, आणायचं असतं अर्धा लिटर दूध नि कोथिंबिरीची जुडी. तरी दार लोटता लोटता खुंटीवरची किल्ली बोटात अडकते आणि गाडी निघते. प्रदूषणाचा विषय निघाला की आपण कारखान्यांवर आणि दिल्लीच्या हवेवर तावातावानं बोलतो. खुंटीपाशी आपणही काही ठरवलं होतं, हे मात्र आपल्या गावीही नसतं.

आणि नेमका हा जवळचा फेराच अंतराच्या मानानं जास्त धूर सोडतो. धुरातले विषारी वायू निवळणारा गाडीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चांगला तापल्याशिवाय नीट काम करत नाही. गार इंजिन पेट्रोलही जास्त पितं. एक-दोन किलोमीटरमध्ये हे सगळं जेमतेम तापू लागतं, तोवर डेअरी येते. दोन किलोमीटर पायी जायला पंचवीसेक मिनिटं लागतात, सायकलवर आठ-दहा. पुण्यासारख्या शहरात सिग्नल आणि पार्किंग धरून गाडीला किती लागतात, ते ज्याचं त्यानं आठवावं.

पुण्याचं नाव मुद्दाम घेतलं. हे एके काळी सायकलींचं शहर. प्राध्यापक, कारकून, कॉलेजच्या मुली, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातले कामगार, सगळे सायकलवर. तासाच्या भाड्यानं सायकल देणारी दुकानं ठिकठिकाणी. अंधार पडल्यावर दिवा नसला किंवा डबलसीट जाताना सापडला की पोलीस अडवायचा. जुने पुणेकर हे सांगताना हळवे होतात. होऊ देत, पण त्यांच्यातलं कुणी पृथ्वी वाचवायला पायडल मारत नव्हतं. सायकल परवडत होती, एवढंच. पुढं परवडू लागलं तसं शहर सायकलवरून उतरलं. १९७२ साली बजाजची चेतक आली, त्याच साली कायनेटिकची लुनाही. लुनाला तर पायडलसुद्धा होतं, म्हणजे सायकल सोडल्याचा बोल लावून घ्यायलाही नको.

म्हणून पर्यावरणाला धरून प्रवास निवडा, असं कुणी सांगू लागलं की मला आधी विचारावंसं वाटतं, निवडायचं कुणी? सकाळी सातला चार घरची कामं करायला चालत निघालेल्या बाईंनी? हँडलला डबा अडकवून बांधकामावर निघालेल्या गवंड्यानं? एसटीच्या पासावर तालुक्याच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीनं? ही माणसं रोजच कमीत कमी धूर करून शहर चालवतात. मुंबईची लोकल ३ फेब्रुवारी १९२५ पासून विजेवर धावते आहे, म्हणजे शंभर वर्षं उलटून गेली. दाराला लोंबकळत कामावर जाणाऱ्याला मात्र पर्यावरणप्रेमी म्हणून कुणी हार घातल्याचं ऐकिवात नाही. त्याला निवड नव्हती. निवड आहे ती ज्याच्या खुंटीवर किल्ली आहे त्याला, म्हणजे तुम्हाला आणि मला.

ज्यांना निवड नाही, त्यांना शहर कसं वागवतं ते पाहावं. फुटपाथ सुरू होतो, मधेच विजेचा डीपी येतो, मग लावून ठेवलेल्या दुचाकी, मग उघडं चेंबर, आणि चालणारा मुकाट्यानं रस्त्यावर उतरतो. चौक तुंबला की दुचाकीवाले फुटपाथवर चढतात आणि वर पायी चालणाऱ्यालाच हॉर्न देतात. सायकल ट्रॅकही आखले गेले. त्यांवर आता बऱ्याच ठिकाणी चारचाकी उभ्या दिसतात. २०२१ पासून पुणे महापालिका ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा करते. त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद असतो आणि माणसं रस्त्याच्या मधोमध, न दचकता चालतात. उपक्रम चांगलाच आहे. पण चालायला वर्षातून एक दिवस मुक्रर करावा लागतो, तेव्हा उरलेले दिवस कुणाचे असतात ते वेगळं सांगायला नको.

विजेची गाडी घेतली की प्रश्न मिटला, असं सांगणारे आता बरेच भेटतात. धूर नाही, आवाज नाही, हे खरं आणि चांगलंही. पण आपल्याकडची बरीचशी वीज अजून चंद्रपूर, कोराडी अशा ठिकाणी कोळसा जाळूनच होते. शिवाय एका माणसाला नेणारी चारचाकी पेट्रोलची असो की बॅटरीची, रस्त्यावर जागा तेवढीच अडवते. भरलेल्या बसमध्ये पन्नास-साठ माणसं बसून-उभी जातात. त्यांतली निम्मी जरी एकेकटी आपापल्या गाडीतून निघाली, तरी रांग पुढच्या सिग्नलपर्यंत जाईल. बस विजेची असली तर सोन्याहून पिवळं. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुण्याहून नगरला गेली आणि २०२२ साली त्याच तारखेला, त्याच मार्गावर विजेवरची ‘शिवाई’ धावू लागली, याचं मला कुठल्याही नव्या मोटारीपेक्षा जास्त अप्रूप वाटतं.

गुडघे दुखणाऱ्यानं, तान्हं मूल घेऊन निघालेल्या आईनं किंवा रात्रपाळीहून एकटीनं परतणाऱ्या मुलीनं खुशाल गाडी घ्यावी; त्यांना उपदेश करण्याचा कुणाला अधिकार नाही. धडधाकट असून डेअरीपर्यंत गाडी काढणाऱ्यांचं मात्र वेगळं आहे. त्यांनी गाडी घरी ठेवली तर वाचणारं पेट्रोल थोडंच असेल. पण त्यामुळं दुसरंही एक होऊ शकतं. आपल्याकडं तक्रारीचं वजन तक्रार करणाऱ्यावर ठरतं. कामाला जाणाऱ्या बाई उघड्या चेंबरला रोज वळसा घालतात; त्यांचं गाऱ्हाणं क्षेत्रीय कार्यालयापर्यंत जातच नाही. तेच चेंबर सोसायटीतल्या निवृत्त अभियंत्याला आडवं आलं की संध्याकाळपर्यंत फोटोसकट अर्ज तयार होतो आणि त्याला आवक क्रमांकही मिळतो. अर्ज लिहायचाच झाला तर त्यात जागेची खूण, फुटपाथची उंची आणि डीपीपाशी चालायला उरलेली रुंदी असावी. बसथांब्यावर सावली आहे की नाही आणि बसची वाट किती वेळ पाहावी लागली, हेही लिहावं.