उपकार नको, जाण हवी



२६ जानेवारी आली की झेंडा वर जातो, गोळ्या-बिस्किटं वाटतात, आणि मग भाषण. लहानपणी अशाच एका भाषणात पाहुणे म्हणाले, "ज्या पोरांना स्कॉलरशिप मिळते, त्यांनी देशाचे उपकार विसरू नयेत." सगळा वर्ग वळून आमच्याकडं बघायला लागला. बिस्किट घशाखाली उतरेना. घरी येऊन आईला सांगितलं. ती चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. एवढंच म्हणाली, "तो आपला हक शे, कोना उपकार नही."

मग कृतज्ञता ही चीज आपल्यासाठी नाहीच का?

आपल्या खानदेशात पोळ्याला बैलाची शिंगं रंगवतात, झूल घालतात, पुरणपोळी चारतात. मालक त्याच्या पाया पडतो. दुसऱ्या दिवशी तोच बैल जुवाखाली. मालकाचं प्रेम खोटं असतं असं नाही. पण ते जू काढत नाही.

आपल्या बापजाद्यांना तर पोळ्याचा मानही नव्हता. गावाची राखण करायची, मेलेलं ढोर ओढायचं, सरकारी सांगावे पोचवायचे. बदल्यात बलुतं आणि शिळी भाकर. वर जोहार घालून गावाचेच उपकार मानायचे. राबायचं आम्ही अन् आभारही आम्हीच मानायचे! बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं, ते या गुलामीवर घाव घालायला.

त्याच बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत आयर्लंडच्या डॅनियल ओ'कॉनेलचा दाखला दिला. आशय असा, की माणसानं स्वाभिमान देऊन, स्त्रीनं शील देऊन, राष्ट्रानं स्वातंत्र्य देऊन कुणाशी कृतज्ञ राहता येत नाही. थोरांविषयी कृतज्ञता वाटावी, पण तिला मर्यादा आहे. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडं नेते.

हे आपण दुसऱ्यांना ऐकवतो. पण आधी लागू आहे ते आपल्याला.

बाबासाहेब १९३७ साली कोर्टाच्या कामाला धुळ्याला आले, तेव्हा लळिंगच्या लांडोर बंगल्यावर उतरले. दर ३१ जुलैला धुळ्या-जळगावची माणसं तिथं जमतात. म्हाताऱ्यांचे डोळे भरून येतात. त्या पाण्याला मी हसणार नाही. माझा सवाल तुम्हा-आम्हा पोरांना आहे. १४ एप्रिलला पुतळ्याला हार घालायचा, आणि १५ ला घरच्या बाईच्या मानेवर तेच जू ठेवायचं, याला कृतज्ञता म्हणायचं की पोळा? झेंडावंदनाची सुट्टी तुम्हाला मिळाली. माझ्या आईला त्या दिवशीही चूल सुटली नव्हती.

तथागतांनी मंगलसुत्तात कतञ्ञुता मंगल मानली. या पाली शब्दात वाकणं नाही. कत म्हणजे केलेलं, ते जाणतो तो कतञ्ञू. त्याच्या जोडीला दुसरा शब्द येतो, कतवेदी. जाणलेलं कृतीतून दाखवणारा. मधे देव नाही, धनी नाही. अध्यात्म म्हणाल तर माझ्या लेखी एवढंच.

तेव्हा येत्या २६ जानेवारीला झेंड्याखाली ताठ उभे राहा. महाडच्या तळ्यावर गेलेल्यांची आठवण ठेवा. १९५९ साली दादासाहेब गायकवाडांच्या हाकेसरशी जमिनीसाठी तुरुंगात गेलेल्या भूमिहीनांची ठेवा. त्यांनी केलेलं जाणा. आणि घरी गेल्यावर भाकरी तुम्ही थापा. करपली तरी चालेल.

जयभीम.