शिडीवरचा माणूस

भाचीनं डिझाईन कॉलेजसाठी केलेला नमुना माझ्या टेबलावर ठेवला. थाळीएवढा दिवा, अॅल्युमिनियमचा, जेमतेम १२ मिलिमीटर जाड. कुठे सांधा नाही, स्क्रू नाही. हात फिरवून पाहिला. खरंच देखणा होता.

"लागणार कुठे हा?"

"साडीच्या दुकानात, मामा. काउंटरच्या वर, १४ फुटांवर."

"उघडतो कसा?"

"उघडायचा कशाला? एलईडी ५० हजार तास चालतो."

"तो आकडा चिपचा. रोज १२ तास धर, अकरा वर्षं झाली. पण चिपच्या आधी तिला वीज पुरवणारा ड्रायव्हर जातो गं. त्यातल्या कपॅसिटरला उष्णता सोसत नाही. तापमान १० अंशांनी चढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं. आणि तू तर त्याला चिपच्या पाठीलाच चिकटवलंयस."

तिनं नमुना उलटा केला. हीटसिंकला जागाच ठेवली नव्हती.

"म्हणजे दोनशेच्या ड्रायव्हरपायी अख्खा दिवा भंगारात?"

"हो. आणि तोवर ते मॉडेल बंद झालेलं असतं. मग दहा दिव्यांत एक वेगळाच दिसतो, तोही ऐन दिवाळीत."

"पण मामा, दर वेळी शिडीवरच्या माणसाचंच ऐकलं असतं तर आपण ट्यूबलाइटच्या पुढे गेलो असतो का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीस वर्षं दिवे बसवतोय. त्यातला एखादा बघायला कुणी मुद्दाम थांबल्याचं आठवत नाही.

तीच पुढे म्हणाली, "आम्हाला पीएच ५ शिकवला. डेन्मार्कच्या पॉल हेनिंगसेनचा, १९५८ सालचा. एकाखाली एक छत्र्या, बल्ब डोळ्यांत जातच नाही."

"सुचला कसा त्याला?"

"बल्बवाले सारखे आकार बदलायचे. वैतागून त्यानं कुठलाही बल्ब चालेल असा..." ती थांबली. नमुन्याकडे बघत राहिली. मग विचारलं, "झाकणाला आटे पाडले, ड्रायव्हर वेगळा काढला, तर नगामागे किती वाढतील?"

"तीनशे तरी."

"आणि गोंदानं चिकटवला तर?"

"काहीच नाही."

"म्हणजे न उघडणारा दिसायलाही छान, करायलाही स्वस्त! मग दुकानदार जास्तीचे तीनशे देईल कशाला?"

"नाहीच देत. पाच-सात वर्षांत तो दुकान नवं करतो. फर्निचर, सिलिंग, दिवे, सगळं उतरवतो."

"मग अकरा वर्षं टिकणारा दिवा करायचा कुणासाठी?"

खरा पेच हा होता, आणि तो तिनं माझ्याआधी पकडला. ज्याच्याकडून पैसे घ्यायचे त्याला टिकाऊपणा नको आहे. त्याला नको ते त्याच्या माथी मारणं मला पटत नाही. पण उद्याचं भंगार आजच बनवून देणंही पटत नाही.

"उतरवलेल्या दिव्यांचं काय होतं?" तिनं विचारलं.

"गोंदाचे किलोवर जातात. उघडणारे कुणीतरी घरी नेतं."

वर्कशॉपच्या मोरीतला दिवा मी तिला दाखवला. एका सराफाच्या दुकानातून उतरवलेला आहे. त्याचा ड्रायव्हर मी दोनदा बदललाय.