तयारीचा आनंद कोणाचा?

ख्रिस्तराजाचा सण पार पडला की आम्हा नाशिककर कॅथॉलिकांच्या घरांना एक निराळीच लगबग लागते. शेजारच्या गॅलऱ्यांतून दिवाळीचे आकाशकंदील उतरतात न उतरतात तोच आमच्या गॅलऱ्यांत बांबूच्या कामट्यांचे तारे चढू लागतात. गायकवृंदाचा सराव रात्री उशिरापर्यंत चालतो. गव्हाणीसाठी माती आणि पेंढा कोठून आणावयाचा यावर युवक हिरिरीने वाद घालतात, आणि नाटिकेत योसेफाचे काम मिळाले नाही म्हणून एखादा मुलगा दोन दिवस रुसून बसतो. आमचे धर्मग्राम नाना मुलुखांतून आलेल्या माणसांचे आहे. कोणाची मुळे नगर जिल्ह्यातील खेड्यांत, कोणाची वसईत, कोणाची गोव्यात, मंगळुरात वा केरळात. म्हणून एका घरी करंज्या होतात, दुसऱ्या घरी कलकल होतात. एकाच नाताळगीताला ढोलकी आणि गिटार दोन्हींची साथ लाभते. ही लगबग आनंदाची असते आणि ती तशीच असावी असे आम्हांस मनापासून वाटते.

परंतु या आनंदाला एक प्रश्न विचारावयास हवा, आणि तो आम्हांला आम्ही होऊन सुचला नाही. तो आम्हांपुढे एका वर्षी येऊन उभा राहिला.

२०२३ साली ख्रिस्तराजाचा सण २६ नोव्हेंबरला आला. त्याच दिवशी नाशिक जिल्ह्यात अवकाळी पाऊस कोसळला आणि निफाड तालुक्यात गारपीट झाली. द्राक्षशेती ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना त्या एका दिवसाचा अर्थ सांगावयास नको. एप्रिलात खरड छाटणी होते, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी होते, मग फुटवे, मग घड, मग मण्यांची विरळणी. असे वर्षभराचे कष्ट आणि कर्ज त्या वेलींवर टांगलेले असते. ते गारांनी झोडपले गेले. मालकाचे पीक गेले आणि त्याच्या बागेत विरळणीला जाणाऱ्या बायकांचा रोजही गेला. पुढे ८ डिसेंबरला, निष्कलंक मातेच्या सणाच्या दिवशी, कांद्याची निर्यातबंदी लागू झाली आणि बाजार समित्यांमधील लिलाव बंद पडले. एका पंधरवड्यात दोन घाव बसले.

आगमनकाळाचा पहिला रविवार ३ डिसेंबरला होता. मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या पायऱ्यांपाशी नाताळगीतांच्या पथकाची बोलणी निघाली. आमच्या काही कुटुंबांचे सोयरे त्या पट्ट्यातले, काही बायका त्याच बागांतून मजुरी करणाऱ्या. एक निवृत्त शिक्षक, ज्यांच्या शब्दाला आमच्यात मान आहे, युवकांना म्हणाले, “पोरांनो, यंदा ढोलकी गुंडाळून ठेवा. शेजारी मयत असता आपण सनई वाजवतो का?” कोणालाच उत्तर सुचेना. तेव्हा मागे उभी असलेली, स्वतः विरळणीचा रोज गमावलेली एक बाई म्हणाली, “गुरुजी, पथक बंद करू नका. फक्त आमच्या दारी यायचं विसरू नका.”

त्या वर्षी आगमनकाळ जितका लहान असू शकतो तितका लहान होता. चौथा रविवार थेट २४ डिसेंबरला आला, म्हणजे अवघे २२ दिवस. विचाराला अवधी थोडा होता. परंतु त्या दोन वाक्यांनी आमचा पिच्छा आजतागायत सोडलेला नाही. गुरुजींचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. दुसऱ्याच्या दुःखापुढे आपला आवाज खाली आणणे हा आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपलेला सभ्यपणा आहे. मग त्या बाईचे म्हणणे अधिक खरे का वाटले?

प्रथम एक मूळ शंका पाहू. जे अद्याप आलेले नाही त्याचा आनंद आजच करणे प्रामाणिकपणाचे आहे काय? बाजाराने या शंकेचा निकाल केव्हाच लावला आहे. तेथे १ डिसेंबरलाच नाताळ येतो आणि २५ तारखेच्या सायंकाळी तो शिळा होतो. उपासनेचा मार्ग वेगळा आहे. धर्मगुरूंची वस्त्रे जांभळी असतात, ‘ग्लोरिया’ गाइला जात नाही, आणि देवळाच्या गव्हाणीतील जागा २४ तारखेच्या रात्रीपर्यंत रिकामी राहते. असे असूनही तिसऱ्या रविवारी गुलाबी वस्त्रे घालून ख्रिस्तसभा ‘आनंद करा’ म्हणते. हा विरोधाभास आहे असे काहींना वाटते.

आम्हांस मात्र आपल्या घराघरांतले डोहाळजेवण आठवते. त्या दिवशी बाळ आलेले नसते. तरी हिरवी साडी, ओटी, फुलांचा साज, सख्यांची थट्टा या साऱ्याला खोटे कोण म्हणेल? बाळ दिसत नाही, परंतु ते आहे. आईच्या चालण्यात, तिच्या थकव्यात, तिच्या जेवणाखाण्यात ते आहे. पवित्र मरिया डोंगराळ प्रदेशातील अलीशिबेच्या घरी गेली तेव्हा तेथे काय घडले हे संत लूक सांगतात. प्रभूचे मुखही कोणी पाहिले नव्हते, आणि तरी अलीशिबेच्या उदरातील बालकाने उल्हासाने उडी मारली. आगमनकाळाचा पहिला आनंद असा दोन गरोदर स्त्रियांच्या भेटीत झाला. जे दिसत नाही परंतु आपल्या उदरी वाढू लागले आहे, त्याचा तो आनंद आहे.

तथापि गुरुजींचा प्रश्न याने सुटत नाही. माझा आनंद खरा असेल, पण शेजारी रडत असता तो मी उघडपणे मिरवावा काय? येथे आनंद म्हणजे काय हेच आपण तपासले पाहिजे. आनंद ही केवळ मनाची प्रसन्न अवस्था असेल तर गुरुजींचे म्हणणे सर्वथा योग्य आहे. ती अवस्था ज्याची त्याने आपल्या घरात भोगावी. परंतु संत पौलाने फिलिप्पैकरांना आनंद करण्याविषयी लिहिले ते बंदिवासातून. अगदी अलीकडच्या काळात, १९४४ च्या डिसेंबरात, बर्लिनच्या टेगेल तुरुंगात येशूसंघाचे धर्मगुरू आल्फ्रेड डेल्प यांनी हातांत बेड्या असताना आगमनकाळावर चिंतने लिहिली. ती गुपचूप बाहेर पोहोचवली गेली, आणि २ फेब्रुवारी १९४५ रोजी नाझी राजवटीने त्यांना फाशी दिले. माणूस मुळापासून हादरतो तेव्हाच तो आगमनकाळात खऱ्या अर्थाने प्रवेश करतो, असा त्यांच्या लिखाणाचा आशय आहे. या दोघांपाशी प्रसन्नतेला कारण नव्हते. त्यांनी जे केले ते दुसऱ्यांसाठी केले. पौलाने एका दूरच्या मंडळीला धीर पाठवला, डेल्प यांनी तुरुंगाबाहेरच्या भयभीत माणसांना. आनंद त्यांच्या हातून घडला, तो त्यांच्या वाट्याला आला होता म्हणून नव्हे.

आपण वेदीपाशी मेणबत्त्यांचे जे हिरवे चक्र मांडतो त्याचीही कथा अशीच आहे. १८३९ साली हॅम्बुर्ग येथे योहान हिनरिख विखर्न या प्रोटेस्टंट धर्मोपदेशकांनी आपल्या आश्रमातील गोरगरीब मुलांसाठी ते प्रथम केले. नाताळ केव्हा येणार म्हणून मुले सारखी विचारीत. त्यांनी एका गाडीच्या जुन्या चाकावर दिवस मोजण्यासाठी मेणबत्त्या लावल्या. रोजच्या दिवसांसाठी लहान, रविवारांसाठी मोठ्या. आज आपल्या देवळांची शोभा झालेली ही वस्तू ज्यांना घरी कोणी उरले नव्हते अशा लेकरांसाठी जन्मास आली, हे आपण किती वेळा आठवतो?

आणि गव्हाणी? २०२३ हेच गव्हाणीच्या परंपरेचे ८०० वे वर्ष होते. १२२३ च्या नाताळरात्री इटलीतील ग्रेच्चो येथे असिसीच्या संत फ्रान्सिसांनी गव्हाण, पेंढा, बैल आणि गाढव आणवून तेथे मिस्साबलिदान करविले आणि स्वतः उपयाजक या नात्याने शुभवर्तमान गाइले. त्यांचे चरित्रकार चेलानोचे थॉमस आणखी एक गोष्ट नोंदवतात, जी आपल्या गव्हाण्यांत क्वचितच दिसते. या सणाला श्रीमंतांनी गरिबांना पोटभर जेवू घालावे, बैलांना व गाढवांना नेहमीहून अधिक चारा मिळावा, आणि पाखरांसाठी वाटांवर धान्य टाकावे, अशी फ्रान्सिसांची इच्छा होती. पाखरूदेखील उपाशी राहू नये इतका त्यांच्या आनंदाचा पैस होता.

आता त्या बाईच्या वाक्याकडे परत येऊ. ती जे म्हणाली ते आपल्या मराठी घरांना नवे नाही. ज्या घरी मृत्यू झाला त्या घरी कढई चढत नाही, हा रिवाज आपण सारे जाणतो. परंतु त्याचा दुसरा अर्धा भाग आपण विसरतो. त्या घरी कढई चढत नाही म्हणून शेजारपाजारच्या कढया बंद होत नाहीत. उलट शेजारी त्या घरासाठी फराळ करून नेतात. पहिल्या दिवसांत पिठले-भाकरी जाते, आणि सण आला की करंज्या-लाडूंचे ताटही जाते. दुःखी घराच्या वाटणीची तयारी शेजाऱ्याने आपल्या अंगावर घ्यावी, असा हा धर्म आहे. गुरुजींनी रिवाजाचा पहिला भाग सांगितला. बाईने दुसरा सांगितला. शेजाऱ्यासाठी सण थांबवणे हे सहानुभूतीचे लक्षण वाटते खरे. परंतु सण थांबवला की शेजाऱ्याच्या दारी जाण्याचे आपले कारणही संपते. आपण गप्प बसून सभ्य ठरतो, आणि तो मात्र एकटा उरतो.

त्या वर्षी पथक निघाले. क्रम तेवढा बदलला. दरवर्षी ज्या मोठ्या घरांपासून सुरुवात होत असे ती शेवटी ठेवली गेली. पहिल्या संध्याकाळी आमची मुले ज्यांचा रोज बुडाला होता त्यांच्या दारी गेली. वर्गणीचा डबा मुद्दाम घरी ठेवला होता. एक गीत झाले, मग ढोलकी खाली ठेवून सारे जण बसले. गारा, कर्ज, आजारी सासू असे बोलणे निघाले. निघताना फराळाचा डबा मागे राहिला. कोणाचे नुकसान त्याने भरून निघाले नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. गुरुजी दोन्ही संध्याकाळी मुलांबरोबर होते. थंडी कडक होती, आणि त्यांनी मफलर गुंडाळून सर्व गीते म्हटली.

तेव्हापासून आगमनकाळाची तयारी करताना आम्ही स्वतःला काही साधे प्रश्न विचारू लागलो आहोत. यंदा आमच्या वॉर्डात कोणाच्या घरी कढई चढणार नाही? पगार थांबलेला, घर तुटलेले, बाप दारूत बुडालेला, मुलगा दूर गेलेला आणि फोनही न करणारा, अशी घरे आपल्याला माहीत असतात. ती माहीत असूनही आपण त्यांच्या दारावरून तारा लावण्यासाठी शिडी घेऊन पुढे जातो. आपल्या पापनिवेदनात हे कधी येते काय? गव्हाणीवर केलेला खर्च आणि त्या घरांवर दिलेला वेळ आपण कधी शेजारी शेजारी मांडून पाहिला आहे काय?

वाचकहो, येत्या आगमनकाळातही तारे लागतील, चुलीवर कढई चढेल, सराव रात्री उशिरापर्यंत चालेल. ते सारे अवश्य करू. प्रभू येतो तो आनंद घेऊन येतो. त्याच्यासाठी कष्टी चेहऱ्याने दार उघडण्याचे कारण नाही. मात्र करंज्यांचे पीठ मळताना एका घरापुरते पीठ अधिक घेऊ. ते घर कोणते, हे पहिली मेणबत्ती लावण्यापूर्वीच कुटुंबाने एकत्र बसून ठरवावे, आणि ताट घेऊन जाताना मुलांना बरोबर न्यावे.